‘व्हिजिट’ : एका शब्दाचा समाचार

‘डॉक्टरांची व्हिजिट झाली का?’ हे वाक्य आपण मराठी समजूनच बोलतो. त्यातील ‘व्हिजिट’ इंग्रजी आहे, याचे भानही आपल्याला राहत नाही. गंमत अशी की, तो शब्द मूळचा इंग्रजीचाही नव्हे. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘विदेरे’, म्हणजे पाहणे, हे क्रियापद आहे. त्यापासून पौनःपुन्याचा अर्थ दाखवणारे ‘विसितारे’ हे रूप सिद्ध झाले. पुन्हा पुन्हा पाहणे, पाहण्यासाठी जाणे, हा त्याचा अर्थ. ‘व्हिडिओ’ आणि ‘व्हिसा’ ही याच कुळातील भावंडे होत. व्हिसा म्हणजे ‘पाहिलेला’ कागद. आपला ‘विद्’ हा धातूही त्याच भारत-युरोपीय मुळाचा. लॅटिनमध्ये पाहणे राहिले, संस्कृतमध्ये त्याचे जाणणे झाले आणि त्यातून ‘वेद’, ‘विद्या’ हे शब्द आले.

हा शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत रुजला, तेव्हा शेजाऱ्याकडे सहज डोकावणे असा त्याचा अर्थ नव्हता. तेव्हा माणसाच्या भेटीस येई तो देव, त्याचे सांत्वन करण्यासाठी. पुढे धर्मगुरू आणि वैद्य येऊ लागले. गप्पांसाठी जाण्याचा अर्थ सतराव्या शतकातला. मात्र चौदाव्या शतकापासून रोगराई आणि दैवी शिक्षाही याच क्रियापदाने माणसाच्या दारी येत होत्या. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये दोन्ही अर्थ नांदतात : त्याच शब्दाने आजाऱ्याची विचारपूस होते आणि वाडवडिलांच्या पापाचे शासनही पुढच्या पिढीला होते.

आपल्याला याचे नवल वाटू नये. मराठीतील ‘समाचार घेणे’ आठवून पाहा. आजाऱ्याचा समाचार घेतला जातो आणि कामचुकाराचाही! पहिल्यात मायेने चौकशी, दुसऱ्यात खरडपट्टी. दोन्ही भाषांना हे दुहेरीपण सुचावे, याचे कारण मला पाहण्याच्या क्रियेतच दिसते. नजर निवविते, तशी ती झडतीही घेते.

माझे वडील अखेरचे सात महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांना ‘बघायला’ येणारे पुष्कळ. बहुतेक जण दाराशी उभे राहून आम्हालाच विचारत, ‘जेवण जातं का? झोप लागते का?’ जणू वडील त्या खोलीत नव्हतेच. कुणाची दृष्टी औषधांच्या बाटल्यांवर, कुणाची मनगटावरील घड्याळावर. मंडळी निघून गेली की वडील भिंतीकडे तोंड करून पडत. त्या शब्दाचा तो जुना, शिक्षेचा अर्थ मला तेव्हा शब्दकोशाशिवाय उमगला.

आमच्या शेजारचे एक निवृत्त तलाठी मात्र रोज संध्याकाळी येत. खुर्ची पलंगाजवळ ओढून बसत आणि थेट वडिलांशी बोलत : ‘आज दाढी केलेली दिसते, अण्णा.’ कधी पावसाचा विषय, कधी जुन्या बांधावरून झालेल्या भांडणाचा. फार तर पाव तास. पण सहा वाजत आले की वडील मला डोक्याखाली आणखी एक उशी द्यायला सांगत. आडवे पडून त्यांना दार दिसत नसे.