कुर्ल्यात जन्मली, सांगलीत टिकली

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडून लालबहादूर शास्त्री मार्गावर आले की रिक्षावाल्याला 'प्रीमियर रोड' एवढे सांगितले तरी पुरते. रस्त्याचे नाव राहिले आहे, कारखाना मात्र राहिलेला नाही. जिथून एके काळी नव्याकोऱ्या फियाट गाड्या फाटकाबाहेर पडत, तिथे आता कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि पन्नासच्या दशकात 'अकराशे' रस्त्यावर आली. पुढची दारे उलटी उघडणारी ती गोलमटोल गाडी, जिला आपल्याकडे सगळे 'डुक्कर फियाट' म्हणत! तिच्यानंतर सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट आणि फियाटचे नाव गेल्यावर सत्तरच्या दशकात आलेली प्रीमियर पद्मिनी.

ज्यांचे नाव या मार्गाला आहे, त्या शास्त्रीजींचीही गाडी फियाटच होती. त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलेली हकिगत प्रसिद्ध आहे. पंतप्रधान झाल्यावर घरच्यांच्या आग्रहाने त्यांनी गाडी घ्यायचे ठरवले. किंमत बारा हजार, खात्यात जेमतेम सात हजार. उरलेले पाच हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले आणि त्यांच्या निधनानंतर ललिताजींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडले. ती गाडी आज दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात पाहायला मिळते. थोडक्यात, फियाट हे तुटपुंज्या पैशांत बघायचे स्वप्न पहिल्यापासूनच आहे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तोवर पद्मिनीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. एकविसावे शतक उजाडता उजाडता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती आणखी वीसेक वर्षे टिकली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद झाली.

नेमकी त्यानंतरच अनेकांना ती घरी हवीशी वाटू लागली. आमच्या शेजारच्या दादा-वहिनींचेही तसेच. वहिनींचे वडील परळला राहतात. त्यांनी आयुष्यभर पद्मिनी टॅक्सी चालवली. त्या गाडीवर दोन मुलींची शिक्षणे झाली, लग्ने झाली आणि मुदत संपल्यावर ती भंगारात गेली. वहिनींनी गेली सहा वर्षे शिकवण्या घेऊन दोन लाख रुपये बाजूला ठेवले होते. एक पैसाही जास्त नाही. त्यातच गाडी, त्यातच दुरुस्ती, त्यातच कागदपत्रे. गाड्यांची थोडीफार आवड म्हणून त्यांनी मलाही बरोबर घेतले.

फ्रीजवरचे लोहचुंबक

सुरुवात अर्थातच मुंबईत केली. कुर्ला ते कलिना हा सी.एस.टी. रोड म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांची पंढरीच. काचा, बंपर, दिवे, हॅण्डल, ज्याचे नाव घ्याल ते टपऱ्यांमध्ये टांगलेले. तिथल्या एका गॅरेजवाल्याने दोन गाड्या दाखवल्या. त्यातली आकाशी निळी तर अशी चकचकीत होती की दादा खिशात हात घालूनच उभे राहिले.

वहिनींनी मात्र पर्समधून फ्रीजवर चिकटवायचे एक लोहचुंबक काढले. ते रुमालात गुंडाळून त्या दारांच्या खालच्या कडेने, चाकांच्या कमानींवरून हळूहळू फिरवू लागल्या. वर चुंबक घट्ट धरत होते, खाली आले की पटकन सुटत होते. म्हणजे तिथे पत्रा उरलेलाच नव्हता. गंजलेल्या भोकांत लांबी भरून वरून रंग मारला होता. गॅरेजवाला हसून म्हणाला, "ताई, तुम्ही तर आमच्या धंद्यातल्या दिसता!"

ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण कमी पैशांत जुनी गाडी घेणारे इथेच फसतात. आपण इंजिन सुरू करतो, आवाज ऐकतो, धूर पाहतो आणि खूश होतो. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, अगदी साधे. ते उतरवून बोअर करून देणारा मिस्त्री बहुतेक तालुक्याच्या गावी सापडतो आणि खर्चाचा अंदाजही आधी सांगतो. पत्र्याचे तसे नसते. ट्रकला जशी वेगळी चॅसी असते, तशी या गाडीला नाही. जमीन, दाराखालच्या पट्ट्या आणि बॉडी मिळूनच सांगाडा तयार होतो. त्या पट्ट्या कुजल्या की गाडीचा कणाच गेला. डेंटिंगवाला कापायला बसतो आणि एक कुजका तुकडा काढला की त्यामागे दुसरा निघतो. खर्च कुठे थांबेल, हे त्यालाही सांगता येत नाही.

वहिनींच्या वडिलांनी निघतानाच बजावले होते, "मुंबईची घेऊ नका. समुद्राने आतून खाल्लेली असते." शिवाय २६ जुलै २००५ च्या पुरात मिठी नदीकाठच्या किती गाड्या बुडाल्या, त्याचा हिशेब कोण देणार? गाडी कुठल्या मॉडेलची, याआधी ती कुठल्या हवेत राहिली हे विचारावे, असे त्यांचे म्हणणे. मला ते शंभर टक्के पटले. रत्नागिरी, अलिबाग किंवा गोव्याची सुंदर गाडी बघून हरखण्यापेक्षा सोलापूर, सांगली, विजापूरकडची रंग उडालेली गाडी बरी. रंग नंतरही देता येतो.

कृष्णाकाठी

ओळखीतून सांगलीच्या दोन गाड्यांचा पत्ता लागला आणि एका शुक्रवारी आम्ही रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो. सकाळी सांगलीत उतरून आधी चहा, मग गणपतीचे दर्शन. गणपती पेठेतून जाताना हळदीचा वास नाकात भरतो. सांगलीची हळद देशभर जाते, हे शाळेत पाठ केलेले असते, पण तो वास कपड्यांना चिकटतो, हे तिथे गेल्यावरच कळते.

पहिली गाडी गावभागात होती. कोरडी हवा, एकच मालक, भाव ऐंशी हजार. दादांनी तर मनातल्या मनात पेढे वाटले. पण गावभाग नदीला लागून आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले होते, हे वहिनींच्या लक्षात होते. त्यांनी मागची सीट उचलायला सांगितली. खाली कोपऱ्यात वाळलेल्या गाळाचा बोटभर थर होता. दारांच्या आतल्या कापडावर पाण्याची आडवी रेषा दिसत होती. कोरड्या गावची गाडी कोरडीच असते, असे नाही! मालकांनीही लपवाछपवी केली नाही. म्हणाले, "तीन दिवस पाण्यात होती. माणसं वाचली, तेच खूप."

दुसरी गाडी विश्रामबागेत, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयापासून जवळच. वालचंदांच्या कारखान्यातली गाडी वालचंद महाविद्यालयाच्या सावलीत सापडावी, याची मला गंमत वाटली. मालक निवृत्त शिक्षक. १९८९ ची पद्मिनी, मूळची पांढरी, आता दुधावरच्या सायीसारखी पिवळट. स्टीअरिंगजवळचा गिअर, पुढे एकसंध लांब सीट, डिकीत पंधरा वर्षांच्या पावत्या असलेली पिशवी. काका म्हणाले, "बघा की आत वाकून. मला काही लपवायचं नाही." वहिनी खरोखरच गाडीखाली आडव्या झाल्या. चुंबक सगळीकडे घट्ट बसत होते, फक्त चालकाच्या पायाखाली ओंजळीएवढी जागा गंजली होती. इंजिनातून तेल पाझरत होते, ब्रेक अगदी ढिले होते, टायरांना भेगा होत्या. पण ही सगळी मोजता येणारी दुखणी होती. २०१९ चे पाणी इथवर आले नव्हते, याची खात्री शेजाऱ्यांकडून करून घेतली.

मग कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. काकांनी ते वेळच्या वेळी केले होते, शेवटचे २०२४ मध्ये. ही गोष्ट पैशांत मोठी आहे. एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार करण्यात आले. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. आरसीची मुदत संपलेली स्वस्त गाडी म्हणूनच स्वस्त पडत नाही. चॅसी आणि इंजिनवरचे आकडे आरसीशी स्वतः ताडून पाहावेत. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचा नमुना २८ मधला ना-हरकत दाखला हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत, कारण आपल्या राज्यात पुन्हा रोड टॅक्सही भरावा लागतो.

आणखी एक. हल्ली कुठलीही जुनी गाडी 'विंटेज' म्हणून विकायला काढतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी. तिच्या नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. मुलांना घेऊन रविवारी आजोळी जायचे, तर तो शिक्का आपल्याला हवाच कशाला?

कोलकात्याच्या वाचकांनी पद्मिनीच्या मागे न लागता ॲम्बेसेडर पाहावी. उत्तरपाड्याचा तिचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला, पण मलिक बाजारात तिचे जुने भाग मिळतात. ज्या गाडीचे भाग आपल्या गावात मिळतात, तीच गरिबाची क्लासिक. दिल्लीकरांनी मात्र आधी नियम पाहावेत. तिथे पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दुजोरा दिला आणि त्यानंतरही आदेश बदलत राहिले आहेत.

काकांनी दीड लाख सांगितले होते. वहिनींनी दोष एकेक करून मोजून दाखवले, आवाज न चढवता. सौदा एक लाख पंधरा हजारांवर ठरला. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावले आणि आत गेल्या त्या आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

ब्रेक आणि टायर तिथेच, मिरजेच्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतले. त्यासाठी आठवडाभर थांबावे लागले, पण ढिल्या ब्रेकवर बोरघाट उतरायचा धोका कोण पत्करणार? पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपातला पडदाही बदलला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, त्याने जुने रबर खराब होते. मिरज सतारींसाठी प्रसिद्ध आहे. गाडी गॅरेजात असताना सतारमेकर गल्लीत भोपळे तासणारे कारागीर तासभर पाहिले. वेळ कसा गेला कळले नाही.

परतीला पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलो. कराड, सातारा मजेत पार पडले. पुण्यात नवले पुलाच्या कोंडीत, भर दुपारी गाडी बंद पडली. दादांचा चेहरा उतरला. वहिनींनी बोनेट उघडले, पेट्रोल पंपावर पाण्यात भिजवलेले फडके ठेवले आणि सगळ्यांना उसाचा रस पाजला. उन्हाने नळीत पेट्रोलची वाफ झाली होती. दहा मिनिटांत गाडी सुरू! बोरघाट सगळा खालच्या गिअरमध्ये उतरलो. चारही चाकांना ड्रम ब्रेक, सतत दाबले की तापून निकामी होतात. अशा गाडीत एअरबॅगही नसते, तेव्हा पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवणे आणि वेगाचा मोह टाळणे आलेच.

हिशेब असा लागला: गाडी एक लाख पंधरा हजार, टायर-ट्यूब सोळा, ब्रेक नऊ, नळ्या-पंप तीन, नावावर करणे आणि विमा सात. नमुना २९ आणि ३० वर काकांच्या सह्या सांगलीतच घेतल्या होत्या. पन्नास हजार उरले, ते पायाखालच्या पत्र्यासाठी आणि इंजिनाच्या गळतीसाठी राखून ठेवले आहेत. रंग पुढच्या वर्षी.

परळला गाडी नेली तेव्हा वहिनींचे वडील जिना उतरून खाली आले. गाडीभोवती एक फेरी मारली, कौतुकाचा शब्द नाही. बोनेट उघडायला लावले, गाडी सुरू करायला सांगितली आणि कान पुढे करून उभे राहिले.

"टॅपेट वाजताहेत," ते म्हणाले. "रविवारी सकाळी घेऊन ये. पाने माझ्याकडे आहेत अजून."