ताई, उपास सोड

दिघाशी,
श्रावणी सोमवार

प्रिय ताई,


तू माझ्यासाठी एकवेळ जेवतेस आणि वाड्याहून अनवाणी वज्रेश्वरीला चालत जायचा नवस बोललीस, हे भाच्याकडून कळलं. मी रागावेन म्हणून तू सांगितलं नसशील. रागावले नाही, पण जीव थाऱ्यावर राहिला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, ‘आराम कर’ म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र.

आधी तब्येत सांगते. तिसरी किमो पार पडली. परळहून ठाण्यापर्यंत लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून आले. कॅन्सरच्या पेशंटला त्यात बसता येतं, हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं. पुढे भिवंडी ते अंबाडी नाक्यापर्यंतच्या खड्ड्यांनी मात्र हाडं खिळखिळी केली. औषधपाण्याचं महात्मा फुले योजनेत बसलं, त्यामुळे खालचं शेत विकायचा विषय घरात निघाला नाही. ती चिंता मनातून काढून टाक.

मागच्या खेपेला माझा आवाज आधी खणखणीत आणि आठवड्याने एकदम पडलेला ऐकून तू घाबरलीस. अगं, पहिले पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. त्यांनी भूक खवळते, रात्री डोळा लागत नाही. गोळ्या थांबल्या की अंग गळून जातं. तो औषधाचा गुण आहे, माझा धीर सुटलेला नसतो. दोन किमोंमध्ये एकवीस दिवसांचं अंतर असतं. त्यातला दुसरा आठवडा जपायचा, कारण पांढऱ्या पेशी तेव्हा तळाला गेलेल्या असतात. ताप 100.4 वर गेला की पॅरासिटामॉल घेऊन बघत बसायचं नाही, रात्र असो की पहाट, दवाखाना गाठायचा. थोरल्याने गाडीची चावी दाराच्या खिळ्याला लावून ठेवली आहे, तिथून ती कुणी हलवत नाही.

म्हणून अकलोलीच्या कुंडात मला आंघोळ घालायचं तू म्हणतेस, ते आत्ता नको. आपण लहानपणी त्या गरम पाण्यात किती डुंबलोय! पण आज शंभर जण उतरतात त्या पाण्यात मी उतरायचं नाही. तीर्थसुद्धा घेत नाही. देवीचा अंगारा हे कपाळाला लावतात, तेवढं पुरतं.

तू चिमाजीआप्पांचं उदाहरण दिलंस. वसई मिळू दे, तुझं देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी वज्रेश्वरीला केला आणि वसई मिळाली. खरंय. पण ताई, नवस बोलून ते अनवाणी, उपाशी बसून राहिले नाहीत. 1739 च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत वेढा चालला, तटाखाली सुरुंग खणले, किती माणसं पडली. देऊळ झालं ते नंतर. देवीने आधी काहीच मागितलं नव्हतं. मग तुझ्याकडून ती आधीच का मागेल? तुला साखर आहे, पायाला जखम झाली तर भरता भरत नाही. माझ्या आजारात तू अंथरूण धरलंस तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

शेजारच्या वहिनींनी सदाफुलीच्या पानांचा काढा आणला होता. मायेने आणला, पण मी घेतला नाही. मला सलाइनमधून मिळतं त्यातलं एक औषध, व्हिनक्रिस्टीन, सदाफुलीतूनच काढतात. ढीगभर पाल्यातून चिमूटभर निघतं आणि एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत, इतकं ते जहाल. वाटीभर काढ्यात काय किती उतरलं, कोण मोजणार? वहिनींना अंगणातलं झाड दाखवून हे सगळं सांगितलं. बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिल्या.

त्याच औषधाने माझी बोटं बधिर झालीत. ब्लाउजचे हूक सूनबाई लावते. श्रावणात मी वाती वळते, ते यंदा जमेना. कापूस चिमटीत आहे की नाही, हेच कळत नाही. मला रडू आलं. नात समोर बसली आणि वळायला लागली. एका टोकाला जाड, मधेच तुटलेल्या, तेलात घातल्या की सुटणाऱ्या वाती. सासूबाई कुणाला वेडीवाकडी वात लावू देत नाहीत हे तुला माहीत आहे. त्यांनी त्यातलीच एक उचलली, निरांजनात ठेवली आणि म्हणाल्या, ‘पेटते ना, मग झालं.’ त्या क्षणी मला जे बळ आलं, ते कुठल्या उपासाने येणार नाही. संध्याकाळी हे हरिपाठ म्हणतात, मी पडल्या पडल्या ऐकते. तोंड आलेलं असलं की ओठ हलवायलाही नको वाटतं. तरी त्या वेळेला मनातली भीती निवते आणि उद्याच्या गोळ्या घ्यायची तयारी होते. देवाकडून मी तेवढंच मागते.

यंदा गणपतीला पाहुणे नकोत, असं घरात ठरलंय. मूर्ती दीड दिवस बसेल, आरती होईल, मी माजघरातून दर्शन घेईन. गौरीच्या ओव्या सासूबाई आणि सूनबाई म्हणतील. भावकीला हे सांगायला सासूबाई स्वतः दारोदार गेल्या. त्या वयात, त्या चिखलात. मला कळलं ते नंतर.

तुला नवस फेडायचाच असेल तर एक सुचवते. पहिल्या तपासण्यांच्या वेळी आम्ही दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत उतरलो होतो. तिथे टाटा हॉस्पिटलचे पेशंट देशभरातून येतात. माझ्या शेजारी बंगालची एक बाई होती. ती नमाज पढायची, मी जप करायची, आणि रिपोर्ट आला की दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघायचो. गाडगेबाबांनी जन्मभर कोंबड्या-बकऱ्यांच्या नवसांविरुद्ध कीर्तनं केली आणि माणसाला जेवू घाला म्हणून सांगितलं. तुझ्याकडे वाडा कोलमचं पोतं आहे. वज्रेश्वरीला हात जोडून त्यातलं थोडं तिथे पोचव. थोरला घेऊन जाईल.

आणि ये. गणपती झाले की, किमोनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, माझ्या पेशी वर आलेल्या असतील तेव्हा. सर्दी-पडसं असेल तर नको. एकटी ये, वरात आणू नकोस. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, अंबाडी नाक्यावर थोरला उभा राहील. येताना जुना कोलम आण. तोंडाला चव नाही, सगळं लोखंडासारखं लागतं, पण त्या तांदळाची पेज थोडं मीठ घालून मी दोन वाट्या पिते. पत्र मिळालं की दुपारी जेवून मला फोन कर. काय जेवलीस ते सांग.

तुझी,
धाकटी