पत्ते पन्नास, गिऱ्हाईक जास्त

मी बी.ए. मराठी. तरी गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मॅडमनी मलाच बोलावलं, कारण माझ्याकडे लॅपटॉप आहे. गावात एवढी पात्रता पुरते.

तक्रार विचित्र होती. शाळेचे टॅब आठवडाभर चालतात, सोमवारी सकाळी मात्र निम्मे अडकतात. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, स्टिकरवरचा पासवर्ड घातला आणि आत शिरलो. निम्मे शब्द डोक्यावरून गेले. डीएचसीपी म्हणजे काय, हे कळायला यूट्यूबवर तीन व्हिडिओ लागले. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक पत्ता देतो, ठरावीक मुदतीसाठी. फोन घरी गेला तरी मुदत संपेपर्यंत पत्ता त्याच्याच नावावर. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून ठेवावा तसा. इथे पत्ते १०० ते १४९, म्हणजे पन्नास. मुदत २४ तास.

यादी उघडली. टॅब बावीस, पण पन्नासही जागा भरलेल्या. पासवर्ड गावभर झाला होता! रविवारी टॅब कपाटात, त्यांची मुदत संपते, कंपाउंडवर बसणारी पोरं ते पत्ते घेतात. सोमवारी टॅबना उभं राहायलाही जागा नाही.

"पासवर्ड बदलून टाक," मॅडम म्हणाल्या. पाच मिनिटांचं काम. पण २०२५पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालाय, आणि माझ्या चुलत बहिणीनं तिचा फॉर्म त्याच कंपाउंडवर बसून भरला होता. नाहीतर तालुक्याला जा, कॅफेवाल्याला पैसे द्या, ओटीपी येईपर्यंत ताटकळा. मी तसं सांगितलं.

"अरे, पण कुणी भलतंसलतं बघितलं तर नाव शाळेचंच येणार ना?"

तेही खोटं नव्हतं. नोकरी त्यांची होती, माझी नाही.

मग बावीस टॅबना त्यांच्या मॅक क्रमांकावरून कायमचे पत्ते राखून दिले. मुख्य पासवर्ड बदलला. गावासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं, मुदत एक तास, वेग कमी. व्हिडिओ अडखळतो, फॉर्म भरला जातो. पोरांनी मला यावरून बरंच ऐकवलं.

गेस्ट रात्री आठला आपोआप बंद होतं. मॅडमना साडेसहा हवे होते, मला दहा.