चौपाटीचं कणीस, फ्लॅटवरचं सूप

पावसाळ्यातला रविवार म्हणजे खडकवासला चौपाटी, हे पुणेकराला सांगावं लागत नाही. निखाऱ्यावरचं कणीस, लिंबू-तिखट-मीठ, समोर पाणी... क्या बात है! या वेळी मात्र दोन कच्ची कणसं सॅकमध्ये टाकली. रूममेट सोमवारी बंगळूरला शिफ्ट होणार होती. फ्लॅटवर उरलं होतं काय, तर गॅस, एक पातेलं आणि नूडल्सची दोन पाकिटं.

मका तोडला की त्यातल्या साखरेचा हळूहळू स्टार्च होतो, म्हणून बेत त्याच रात्री. दाणे सोलून रिकामी कणसं दहा मिनिटं पाण्यात उकळली (टाकू नका हो, खरा गोडवा त्यातच!). मग दाणे, शेजारच्या काकूंकडचं आलं-मिरची, शेवटी नूडल्स. मसाल्याची पुडी अर्धीच.

वाटी एकच होती. आळीपाळीनं प्यायलो. बंगळूरचा विषय कुणीच काढला नाही.