कोलंबियाची पदवी आणि बडोद्याची खोली

५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आपला माजी विद्यार्थी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना एलएल.डी. ही मानद पदवी दिली. गौरव होता राज्यघटनेच्या शिल्पकाराचा, समाजसुधारकाचा. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या मतदारांनी त्यांना लोकसभेच्या निवडणुकीत पाडलं होतं! पुढच्या वर्षी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानेही डी.लिट. दिली.

मला मात्र १९१७चं बडोदं जास्त आठवतं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेला हा माणूस करारानुसार संस्थानच्या नोकरीत आला, तर राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात आले. दिवस बागेत काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

कोपरखैरण्यात मी भाड्याचं घर शोधतो, तेव्हा एजंट आधी नाव विचारतो. नाव सांगितलं की मालक नेमका गावाला गेलेला असतो. काठ्या नसतात, हे खरं. बोलणंही गोडच असतं.

इथून तिसरं स्टेशन ऐरोली. तिथे बाबासाहेबांचं स्मारक आहे. मुलांना नेईन, तेव्हा कोलंबियाबरोबर बडोदंही सांगणार आहे.