पांढरी

तिवस्याला दार नाही. नागपूर-अमरावती हायवेनं येणारा माणूस गावात कधी शिरला आणि कधी बाहेर पडला, हे त्याचं त्यालाच कळत नाही. चहाला थांबला तर एखाद्या दुकानाच्या पाटीवर गावाचं नाव वाचतो, इतकंच. मी याच गावात वाढलो. वेस, बुरूज, खंदक हे शब्द मला आधी पुस्तकात भेटले आणि मग अमरावतीत. अमरावतीला निदान दगडी परकोट आहे. पेंढाऱ्यांच्या धाकानं निजामाच्या अमदानीत बांधलेला, १८२१ च्या सुमारास पुरा झालेला, पाच दरवाजे आणि चार खिडक्यांचा. लहानपणी खिडकी म्हणजे माणूस वाकून जाईल एवढं दार, हे ऐकून मला आमच्या घराच्या खिडकीची कीव आली होती.

घराचंच सांगायचं तर, आमचं नवं घर एका जुन्या वावरात उभं आहे. वावराचे प्लॉट पडले, आम्ही एक घेतला. तिसऱ्या उन्हाळ्यात हॉलच्या भिंतीला भेग गेली. चैत्रात तिच्यात पोराचं बोट जायचं, श्रावणात ती मिटायची. सिमेंट भरून झालं, जाळी मारून झाली, रंग दोनदा झाला. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यानं भिंतीकडे पाहिलंच नाही, अंगणातली मूठभर माती उचलली, तळहातावर चुरली आणि म्हणाला, "काळी हाये भाऊ. म्हशीच्या पाठीवर बाज टाकल्यासारखं हाये हे. ते कूस बदलनारच."

आमच्याकडे ही गोष्ट नवी नव्हती, आम्ही ती विसरलो होतो. काळी कसायची आणि पांढरी वसायची, असा गावगाड्याचा हिशेब होता. काळी पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, कापूस पिकवते आणि घर फोडते. पांढरी म्हणजे गावठाणाची माती. जुन्या कागदपत्रांत तर 'समस्त पांढरी' म्हटलं की गावातली सगळी माणसंच आली. मातीच्या रंगावरून माणसांना नाव पडलेलं मला दुसरीकडे कुठं आठवत नाही. ही माती बरीचशी माणसांनीच केलेली. पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, तणस, फुटकी मडकी, असं शेकडो वर्षं एकावर एक साचत गेलं की गावाखालची जमीन उंच होते आणि फिकट पडते. तिवस्यात मी शोधायला निघालो तर पांढरी दिसेना. जिथं होती तिथं आता काँक्रीटचा रस्ता आहे. तेव्हा आपल्याच तालुक्यातल्या सगळ्यात जुन्या पांढरीवर जावं, असं ठरवून मी माघातल्या एका सकाळी कुऱ्ह्याच्या रस्त्याला लागलो.

कौंडण्यपूर. वर्धा नदीच्या काठावरचं हे गाव म्हणजे विदर्भाची राजधानी कुंडिनपूर, भीष्मक राजाचं नगर, रुक्मिणीचं माहेर. नलकथेतली दमयंतीही इथलीच. म्हणून तर वरच्या अंगाला मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरण झालं तेव्हा जलाशयाला 'नल-दमयंती सागर' नाव मिळालं. भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकातल्या माधवाचा बाप विदर्भराजाचा अमात्य, तोही कुंडिनपूरचाच. संस्कृत कवींना विदर्भातली सून आणि विदर्भातली शैली, दोन्हींचं फार कौतुक. वैदर्भी रीती म्हणजे गोड, सरळ, अडखळायला न लावणारी. आमची वऱ्हाडी बोली ऐकून त्यांना काय वाटलं असतं, कोण जाणे.

तर एवढ्या मोठ्या नगरात पोचल्यावर काय दिसतं? एसटीचा थांबा, नारळ-प्रसादाची चार दुकानं, विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ, टेकावर अंबेचं देऊळ, खाली नदी. राजवाडा नाही, तट नाही, बुरूज नाही. कुणी नगर पाहायला आलो म्हटलं तर लोक देवळाकडे हात करतात. मी मात्र नदीच्या अंगानं खाली उतरलो, कारण नगर तिथं होतं. पावसानं काठ खरवडून घळी पडल्या आहेत आणि त्या घळींच्या भिंतीत थर दिसतात. पिवळट माती, तिच्यावर बोटभर राखेची काळी रेघ, पुन्हा माती, मग खापऱ्यांचा एक पट्टा, एका ठिकाणी आडवी पडलेली वीट. आजच्या विटेपेक्षा रुंद आणि बरीच पातळ. जवळ जाऊन पाहिलं तर विटेच्या अंगावर भाताच्या तुसाचे ठसे. माती मळताना कुणी तरी मूठभर तूस टाकलं होतं. राजाचं नाव सापडत नाही, तूस सापडतं.

पुराणवस्तू संशोधक मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी इथं १९६२ ते १९६४ या काळात उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९६८ साली छापून आला. खालच्या थरांत लोहयुगातल्या माणसांची काळी-तांबडी भांडी आणि वर सातवाहनांच्या काळापर्यंत चढत आलेली वस्ती, असा त्याचा आवाका. भीष्मक सापडला का, असं गावातले लोक अजून विचारतात. पण मला त्या खड्ड्यांचं वेगळंच महत्त्व वाटतं. इथं माणसं घर पडल्यावर गाव सोडून गेली नाहीत. पडलेल्या घरावरच पुढचं बांधत राहिली. इराकात कच्च्या विटांच्या नगरांच्या अशाच टेकड्या झाल्या, त्यांना तिकडे 'तेल' म्हणतात आणि जग ती बघायला जातं. आम्ही पांढरी म्हणतो आणि गाड्या भरभरून शेतात टाकतो.

हे खरंच करतात. राखेनं आणि शेणानं मुरलेली जुनी पांढरी काळ्या वावरात चांगली मानवते, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वऱ्हाडातल्या कितीतरी गढ्या अशाच गेल्या. गढी म्हणजे देशमुखाचा किंवा पाटलाचा मातीचा किल्ला. पांढरी माती भिजवायची, तणस घालून तुडवायची, हातभर उंचीचा थर द्यायचा, तो वाळला की दुसरा. खाली भिंत इतकी रुंद की तिच्यात कोनाडे काय, जिना निघायचा. वर घरांना धाबं: सागवानी तुळई, तिच्यावर कड्या, कड्यांवर किलचनं, त्यावर पाला आणि शेवटी पुन्हा पांढरी माती. मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती पडायची. उन्हाळ्यात आत गारवा आणि बाहेर भट्टी. पंचेचाळीस अंशांत ज्यानं असं घर वापरलंय, त्याला आमच्या स्लॅबच्या हॉलमध्ये कूलरसमोर बसून स्वतःला पुढारलेला म्हणवत नाही. पण धाब्याला माणूस लागतो. एक पावसाळा दुर्लक्ष झालं की गळती, दुसऱ्याला तुळई कुजते, तिसऱ्याला गढी वितळायला लागते. दगडी वाडा पडतो; गढी पडत नाही, खाली बसते, तिच्यावर निंब उगवतो आणि चाळीस वर्षांनी पोरं तिथं क्रिकेट खेळतात.

मग कौंडण्यपुरात उभं काय आहे? माझ्या मते, इथलं खरं बांधकाम शब्दांचं आहे, आणि तेही बरंचसं मराठीचं. इथून फार लांब नसलेल्या रिद्धपुरात महदाइसेनं गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळासाठी धवळे रचले, त्यात कृष्ण-रुक्मिणीचं लग्न लागलं. तेराव्या शतकातली ही गोष्ट. यादवांच्या दरबारातल्या नरेंद्र कवीनं 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलं. पुढे एकनाथांनी काशीत बसून १५७१ साली अठरा प्रसंगांचं 'रुक्मिणीस्वयंवर' पुरं केलं. आमच्या आईकडे त्याची पोथी होती. लाल कापडात बांधलेली, कोपरे हळदीच्या बोटांनी पिवळे झालेले. मोठ्या बहिणीचं लग्न जुळेना तेव्हा आईनं तिला पारायणाला बसवलं. बहीण वैतागून भराभर वाचायची आणि नगर सजवल्याचं वर्णन आलं की आई तिला थांबवायची, "सावकाश वाच, तोरणं लागू दे." सडे, गुढ्या, पताका. मला तेव्हा कौंडण्यपूर म्हणजे कायम लग्नाला सजलेलं गाव वाटे.

आता विचार करताना लक्षात येतं की कथेतला मुख्य प्रसंग नगरात घडतच नाही. अंबेचं देऊळ वेशीबाहेर. रुक्मिणी पायी दर्शनाला येते, बाहेर पडते आणि रथात बसते. एवढं सजवलेलं नगर तसंच राहतं, मांडवासकट. भाऊ रुक्मी पाठलाग करतो, हरतो आणि कृष्णाला जिंकल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही या हट्टापायी भोजकट नावाचं वेगळं नगर वसवतो. भोजकट म्हणजे आजचं भातकुली, असं आमच्याकडे मानतात. पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात भोजकट राज्याचं नाव येतं, तेव्हा हट्ट बराच टिकला म्हणायचा. तिकडे अरुणाचलात रोइंगजवळ भीष्मकनगर आहे आणि तिथले इदू मिश्मी लोक रुक्मिणीला आपली लेक मानतात. इथल्या एका पुजाऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मानू द्या ना. पोरीले दोन माहेर असले तं काय वाईट हाये?"

माहेर हा शब्द इथं नुसता बोलण्यापुरता नाही. रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी इथून पंढरपूरला पायी जाते. सदाराम महाराजांनी १५९४ साली ती सुरू केली, असं परंपरा सांगते. बाकी पालख्या संतांच्या, ही माहेरची. लेकीच्या घरी जायचं म्हणून आषाढातला चिखल तुडवत निघायचं, विदर्भ ओलांडायचा, मराठवाडा ओलांडायचा. दगडाचा एक चिरा शिल्लक नसलेलं नगर चारशेहून जास्त वर्षं वाटेला लागतंय. अचलपूरचे दरवाजे मी पाहिलेत, इमादशाहीची राजधानी होती ती. कमानी अजून देखण्या आहेत. पण त्या कमानींखालून आता कुणी राजधानीचा म्हणून कुठं निघत नाही.

परत येताना गावातून आलो. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. समोर घमेल्यात पांढरी माती भिजलेली, भिंत पोतारायला घेतलेली. नातीचं लग्न होतं.

"कोनत्या गावचे व्हय बाप्पा?"

"तिवस्याचा."

"मंग तं घरचेच. बसा, पानी घ्या."

मी बसलो. माती कुठून आणली विचारलं. तिनं मानेनंच नदीकडची उंच जागा दाखवली. बोलता बोलता तिचे हात मातीत फिरत होते, तांदूळ निवडल्यासारखे. मध्येच काही टोचलं की बोटं थांबायची, ते बाहेर काढायची, पाहायची आणि ओट्याखाली टाकायची. एक तुकडा माझ्या पायाशी आला. अंगठ्याएवढा, आतून काळा, बाहेरून तांबडा, अजून गुळगुळीत. ओट्याखाली तशांचा लहानसा ढीग झाला होता आणि एक उघडी पोर त्यातले तुकडे वेचून जमिनीवर चौकोन करत होती. दाराची जागा तिनं मोकळी ठेवली होती.

म्हातारीनं फडकं मातीत बुडवलं, पिळलं आणि भिंतीवर पहिला हात फिरवला.