कार्डं, खोकी आणि ह्यूस्टनची यादी

मॅग्यार पोस्टा म्हणजे हंगेरी आणि हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, हे पुण्यातल्या आमच्यासारख्या काही पोरांना भूगोलाच्या बाईंच्या आधी पोस्टमनने शिकवलं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), विद्यापीठ, कृषी महाविद्यालय, हवामान खातं, यांपैकी कुठेतरी आई किंवा वडील नोकरीला असले, की त्या घरात अधूनमधून परदेशी पाकीट यायचंच. आत अमेरिकेतल्या मामाचं पत्र नसायचं. रीप्रिंट असायचं: कुठल्याशा जर्नलमधल्या एकाच लेखाची गुळगुळीत कागदावरची सुटी प्रत. वाटणी ठरलेली होती. लेख वडिलांचा, तिकीट आमचं. पाकिटाचा कोपरा कापून बशीतल्या पाण्यात टाकायचा, तिकीट सुटलं की ‘सकाळ’च्या पानावर उलटं वाळत घालायचं. दोन ‘डीडीआर’ (पूर्व जर्मनी) देऊन एक ‘हेल्वेशिया’ असा वसाहतीतला भाव होता.

ही पाकिटं आपोआप येत नसत. प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात फिलाडेल्फियाहून ‘करंट कंटेंट्स’ नावाचं साप्ताहिक यायचं. हातात मावणारा अंक, आणि त्यात एकही लेख नाही. जगभरच्या जर्नलांच्या अनुक्रमणिकांची पानं बारीक करून छापलेली, आणि मागे लेखकांचे पत्ते. आपल्या ग्रंथालयात न येणाऱ्या जर्नलमध्ये काय छापून आलंय, ते त्यातून कळायचं. मग थेट लेखकालाच कार्ड टाकायचं. कार्ड छापील असे: ‘आपला अमुक लेख पाठवलात तर आभारी होईन’, आणि मध्ये रिकाम्या जागा. त्या भरायचं काम घरातल्या सुवाच्य अक्षराकडे. आमच्याकडे ते ताईकडे होतं. मधल्या सुट्टीत मैत्रिणींना ती ‘काल मी जपानला पत्र लिहिलं’ असं सांगायची, आणि ते अगदीच खोटं नसायचं.

उलटा ओघही होता. बाबांचा लेख कुठे छापून आला की काही महिन्यांनी पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी इथून त्यांच्या नावे तशीच कार्डं यायची. त्यांच्याकडेही डॉलरचा खडखडाटच होता. प्रकाशक लेखकाला ठरावीक प्रती फुकट द्यायचा, त्या जपून वाटल्या जायच्या. संपल्या की कार्यालयात झेरॉक्स. संशोधन सगळ्यांना विनामूल्य वाचता यावं हा विचार बुडापेस्टमधल्या बैठकीतून 2002 साली जाहीरनामा म्हणून मांडला गेला. आमच्या वसाहतीत तो व्यवहार कुणी नाव न देता पोस्टाने चालवत होतं, आणि तिकिटाचा खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून.

आलेला लेख वाचला की त्याचं कार्ड व्हायचं. तीन बाय पाच इंचांचं. वर डावीकडे लेखकाचं आडनाव, खाली शीर्षक, जर्नल, खंड, पानं, वर्ष. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक, आणि मागे चार ओळींत सार. त्याखाली कधी ‘भंपक’ एवढाच मराठी शेरा. बाटाच्या बुटांची खोकी या कार्डांना जणू मापानेच केलेली असत. म्हणून घरात नवे बूट आले की पोरांच्या आधी बाबा खूश. त्या खोक्यांना हात लावायचा नाही, हा घरातला सर्वांत कडक नियम. देवाऱ्यातल्या देवांना आम्ही हात लावलेला चालत असे.

रसायनवाल्यांचं खरं देवस्थान मात्र ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’. 1907 पासून अमेरिकेतून निघणारी, रसायनशास्त्रात जे जे छापलं गेलं त्याच्या सारांशांची सूची. कपाटंच्या कपाटं भरलेली. एखादं संयुग कुणी आधी केलंय का हे पाहायचं, तर आधी पाच वर्षांची एकत्रित सूची उघडायची, त्यात सारांशाचा क्रमांक शोधायचा, मग तो खंड काढायचा, सारांश वाचायचा, आणि एवढं झाल्यावर मूळ लेख आपल्याकडे आहे की नाही ते बघायचं. नसला तर दिल्लीच्या इन्सडॉक या वैज्ञानिक प्रलेखन केंद्राकडे झेरॉक्ससाठी अर्ज. बाबा शनिवारी दुपारी जायचे ते दिवेलागणीला परतायचे. आजी विचारायची, ‘काय सापडलं?’ ते म्हणायचे, ‘कुणी केलेलं नाही, हे सापडलं.’ आजीला हे उत्तर शेवटपर्यंत पटलं नाही.

1991 च्या जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं. वर्तमानपत्रांत सोनं गहाण टाकल्याची चर्चा होती, आमच्याकडे जर्नलांची. वर्गणी डॉलर-पौंडांत, अनुदान रुपयांत, म्हणजे कात्री कुठे लागणार ते ठरलेलं. आई एका कॉलेजात ग्रंथपाल होती. कुठली नियतकालिकं बंद करायची याची यादी तिला करायला लावली. तिच्या नोकरीतली सर्वांत वाईट यादी ती हीच, असं ती म्हणायची.

15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने (व्हीएसएनएल) सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पूर्ण जोडणी मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरची, पण विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त खातं होतं. चित्रं दिसत नसत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. त्यामुळे वसाहतीतल्या कित्येक ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी आपलं पहिलं इंटरनेट मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर वापरलं. रात्री जेवणं उरकली की मोडेमचा किंचाळा, तेवढ्यात कुणाचा फोन आला तर ‘सारखा एंगेज का?’ ही दुसऱ्या दिवशीची तक्रार. 1997 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने पबमेड ही वैद्यकीय लेखांची शोधसूची सगळ्या जगाला फुकट खुली केली. शेजारच्या डॉक्टर मावशी त्या आठवड्यात आमच्याकडे येऊन बसल्या आणि लाल शाईने वही भरून गेल्या. 1879 साली सुरू झालेल्या ‘इंडेक्स मेडिकस’चे जाडजूड खंड चाळत ज्यांनी एम.डी. केलं, त्यांना तो पडदा काय वाटला असेल याची आज कल्पना येणं कठीण. पुढे मुंबईतल्या परळच्या केईएममधून 1955 पासून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ही सबंध ऑनलाइन फुकट वाचता येऊ लागलं. आपल्या इथलं एक जर्नल न मागता जगापुढे ठेवलेलं पाहून मावशींना जास्त आनंद झाला.

आईचं दैवत वेगळं होतं. ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयातले चार्ल्स बेली यांनी 1996 च्या ऑक्टोबरात विद्वत्तापूर्ण इलेक्ट्रॉनिक प्रकाशनावरच्या लेखनाची एक सूची नेटवर ठेवली. जर्नलं कागदावरून पडद्यावर गेली तर पैसे कोण देणार, हक्क कुणाकडे राहणार, ग्रंथालयांनी काय जपायचं, यावर इंग्रजीत जे जे लिहिलं जात होतं त्याची विषयवार नोंद. आणि सूची स्वतःही कागदावर नव्हतीच. बेली तिची नवी आवृत्ती काढत राहायचे. सुटलेली नोंद पुढच्या खेपेला आत. आईला याचं फार अप्रूप. तिने शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ वापरत नोकरी काढली होती. दात्यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची 1943 साली छापली, आणि 1950 पर्यंतचा पुढचा भाग यायला 1961 उजाडलं. मधल्या काळात सापडलेली नोंद माणसाने ठेवायची कुठे? समासात. आईच्या प्रतीचे समास तसे भरलेले आहेत.

ह्यूस्टनच्या यादीचे आम्ही घरी छापलेले कागद ती कॉलेजात घेऊन गेली. वरिष्ठांनी विचारलं, ‘यातलं एकही जर्नल आपल्याकडे येत नाही, मग यादीचं काय लोणचं घालायचं?’ ती म्हणाली, ‘काय येत नाही ते तरी कळतं.’ पुढे गुगल स्कॉलर आलं तेव्हा मीच तिला विचारलं, की आता याद्या कशाला. तिचं म्हणणं, शोधयंत्र हजार नोंदी पुढ्यात टाकतं, पण त्या कुणी वाचून बाजूला काढलेल्या नसतात. बेलींच्या सूचीची ऐंशीवी आणि शेवटची आवृत्ती 2011 साली निघाली. पंधरा वर्षं एका माणसाने वाचून, निवडून, पदरमोड न मोजता ती फुकट ठेवली. मला ही दात्यांच्याच जातकुळीतली चिकाटी वाटते. बक्षिसं अशा माणसांना फारशी मिळत नाहीत, आणि ज्यांना मिळतात ते या लोकांच्या जिवावर आपले संदर्भ भरतात.

आता 1 जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू आहे. तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळजवळ 13,000 जर्नलं. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्याला आणि संशोधकाला बसल्या जागी लेख मिळतो. उत्तम झालं, बाबांच्या निम्म्या शनिवार दुपारी वाचल्या असत्या. पण त्या 13,000 मध्ये मराठी मासिकं नाहीत, जिल्ह्याच्या गावातून निघून बंद पडलेली नियतकालिकं नाहीत, कॉलेजांच्या वार्षिकांतले प्राध्यापकांचे लेख नाहीत. त्यांतल्या कितीतरी लेखांची नोंद कुणा निवृत्त ग्रंथपालाच्या किंवा प्राध्यापकाच्या कार्डांवरच आहे, आणि जे कुणी नोंदवून ऑनलाइन ठेवलेलं नाही ते कुठल्याही शोधयंत्राला सापडत नाही. तेव्हा घर रिकामं करताना अशी कार्डं हाती आली तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी जवळच्या विद्यापीठाच्या किंवा शहरातल्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाच्या ग्रंथपालांना दाखवा. निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुपारभराचं काम आहे.